केशरबाईच्या तांब्याचा ठराव

बोरदऱ्याची केशरबाई आत्मचरित्र लिहितेय, ही बातमी फुटली ती झेरॉक्सच्या दुकानातून. एरवी पारनेर तालुक्यातल्या या एवढ्याशा गावात आत्मचरित्र ही आमदारानं लिहायची गोष्ट, एवढंच लोकांना ठाऊक. आणि इथं दूध डेअरीवरची बाई लिहितेय म्हटल्यावर ज्यानं त्यानं पहिला प्रश्न एकच विचारला, "आमी कितव्या पानावर हाय?"

केशरबाई बावन्न वर्षांची. उंचीनं बेताची, आवाजानं मुळीच नाही. गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट काढायची, रजिस्टरात लिहायची, हे तिचं काम. कुणी दुधात पाणी घातलं तर ती भर रांगेत विचारायची, "आज म्हैस इहिरीत पडली हुती का रं?" रांग हसायची, आणि तो गडी दुसऱ्या दिवशी घट्ट दूध आणायचा. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती या केंद्रामागच्या खोलीत राहायला आली. नवरा पुंजाराम तिथून दोनशे पावलांवर. दूधही तो तिच्याकडेच घालायचा, कारण गावात दुसरं केंद्र नाही. ती माप घ्यायची, फॅट लिहायची आणि "पुढचा" म्हणायची. बस्स.

संसार झाला होता चोवीस वर्षांचा. पुंजाराम दारूला शिवत नव्हता, पत्त्याला हात लावत नव्हता, चारचौघांत मान खाली घालून बोलायचा. गावाला वाटायचं, काय गरीब माणूस आहे बाबा! हा गरीब माणूस दिवेलागणीला घरात शिरला, की हाताला येईल ते बायकोला फेकून मारायचा. का, तर भाकरीला पापुद्रा आला नाही. आणि आला तर, का आला! शेवटच्या वेळी त्यानं तांब्या फेकला. तो केशरबाईच्या डाव्या भुवईवर बसला आणि तीन टाके पडले.

त्या आळीत अकरा घरं, भिंतीला भिंत लागलेली. एका घरात शिंक आली तर दुसऱ्या घरातून "सत्य" म्हणायचे. केशरबाई कपाळाला पट्टी बांधून बाकीच्या दहाही घरांत फिरली. म्हणाली, "नगरला तक्रार द्यायची हाय. जे ऐकलं ते फकस्त सांगा." नऊ घरांनी एकच सांगितलं, आमच्याकडं टीव्ही चालू हुता. त्यातल्या एका घरात, कानिफनाथ अण्णांच्या, टीव्ही आजतागायत आलेला नाही. भिंतीपलीकडची मुबारकबी कपडे शिवायची. ती खाली बघत म्हणाली, "माझं मशीन चालू हुतं, केशर."

हे मात्र टाक्यांपेक्षा जास्त लागलं. दोघींचा जीव एक. ईदेचा शिरखुर्मा एका भांड्यातून खाल्लेला, दिवाळीच्या करंज्या मांडीला मांडी लावून तळलेल्या. त्या दिवसापासून मुबारकबी दूध घेऊन आली, की केशरबाई माप घ्यायची, फॅट लिहायची आणि "पुढचा" म्हणायची.

साक्षीदार नाही म्हणून तक्रार बारगळली. गावानं वरून शिक्कामोर्तब केलं: पुंजाराम गरीब, बाईच तोंडाळ. आता मार एखादे वेळी विसरताही आला असता. पण तो झालाच नाही असं सारं गाव तोंडावर म्हणतं, ते कसं विसरायचं? कधीकधी तर तिला स्वतःचीच शंका यायची. मग ती भुवईवरून बोट फिरवून बघायची. टाक्यांचा वण जागेवर असायचा. तिला कुणाची माफी नको होती, शिक्षा नको होती. एका तरी माणसानं म्हणावं, व्हय बाई, आमाला ऐकू आलं, एवढंच तिला हवं होतं.

नगरला अडल्यानडल्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती महिन्यातून एकदा जायची. तिथली संस्कृतीताई, म्हणजे वयानं हिच्या लेकीएवढी पोर, एकदा म्हणाली, "मावशी, लिहून काढा. आठवेल ते लिहा. मन मोकळं होईल." केशरबाईला वाटलं, ही काय भानगड! पण पोरगी गोड होती, म्हणून तिनं डेअरीचं एक कोरं रजिस्टर घेतलं. त्याला रकाने होते: तारीख, सकाळ, संध्याकाळ, फॅट, शेरा. छापील रकाने मोकळे कसे सोडायचे? म्हणून तिनं आयुष्यच रकान्यांत भरलं. लग्नाचा दिवस असा लिहिला: "सकाळ, ऊन. संध्याकाळ, सासूनं आंदनाची भांडी वाजवून बघितली. फॅट, लागली नाही. शेरा, नवरा एक शब्द बोलला नाही, मला वाटलं लाजरा आहे."

गंमत अशी, की पहिल्या तीस पानांत नवरा आलाच नाही. गावच आलं. सरपंच बिभीषण लहानपणी वासराला घाबरून लिंबावर चढला आणि त्याला उतरवायला दोन माणसं लागली, ते आलं. कानिफनाथ अण्णांच्या घरचा चिवडा दर दिवाळीला सादळलेला असतो, ते आलं. एकतिसाव्या पानावर तांब्या आला. ते पान लिहायला तिला अकरा दिवस लागले. लिहून झालं त्या दिवशी ती दोन भाकरी जास्त जेवली.

संस्कृतीताई म्हणाली, "मला वाचायला एक प्रत आणाल?" केशरबाई पारनेरला स्टँडसमोर गोरक्षच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. गोरक्ष बोरदऱ्याचाच. आधार कार्ड असो, रेशन कार्ड असो, सातबारा असो, लोकांना दोनच प्रती लागतात, म्हणून त्याचा हातही दोनवरच बसलेला. एक प्रत केशरबाई घेऊन गेली, दुसरी गल्ल्याशेजारी राहिली. मग बोरदऱ्याचा जो जो माणूस सातबाऱ्यासाठी ताटकळत बसला, त्यानं त्यानं ती चाळली. आठ दिवसांत अख्खं गाव वाचून मोकळं! एवढ्या लोकांनी तर गावात आलेली मतदार यादीही कधी वाचली नव्हती.

आता बोरदऱ्याची एक खोड सांगायला हवी. बारा वर्षांपूर्वी गावकरी एसटी ठरवून हिवरे बाजार बघायला गेले. तिथं ग्रामसभेत सगळं ठरतं हे बघून यांचे डोळे विस्फारले. परत येऊन यांनीही ठराव केले: नवीन बोअर नाही, ऊस नाही, झाडाला कुऱ्हाड नाही. विहिरींना पाणी आलं. त्यात खोटं काही नाही, चांगलंच झालं. पण पाण्यासोबत सवयही आली. मग वळूचं नाव काय ठेवायचं हे सभेत. कुणाचं लग्न कुठल्या रविवारी हे सभेत. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवक कल्याण यांनी, मिशी ठेवावी की काढावी यावरही एकदा तास गेला होता. ठेवावी असं ठरलं. बिचाऱ्यानं ठेवली.

तेव्हा या आत्मचरित्राचं जे व्हायचं तेच झालं. पंचायतीच्या फळ्यावर विषयपत्रिका लागली. विषय क्रमांक सात: "केशरबाई पुंजाराम यांच्या आत्मचरित्रातील मजकुरावर हरकती मागविणे, दुरुस्त्या मंजूर करणे व त्यानंतर सदर रजिस्टर पंचायतीत जमा करून घेणे."

केशरबाईनं फळा दोनदा वाचला. जमा करून घेणे? मेली तरी देणार नव्हती ती. चिवडा खोडा, वासरू खोडा, पण पान एकतीस खोडू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं. सभेला निघताना तिनं पेटीतून एक वस्तू काढली, फडक्यात गुंडाळली आणि कापडी पिशवीत रजिस्टरखाली ठेवली. तोच तो तांब्या होता. घर सोडताना एवढंच एक भांडं तिनं उचललं होतं. पोटाशी खळगा पडलेला. कुणी नाही म्हणालं तर टेबलावर आपटायचा, असं तिनं ठरवलं.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. एकशे अठरा माणसं. पाणीपट्टीच्या विषयाला कधी साठसुद्धा जमली नव्हती. पहिले सहा विषय दहा मिनिटांत उरकले. गटार मंजूर, दिवाबत्ती मंजूर, सगळं मंजूर. मग बिभीषण सरपंचानं घसा साफ केला.

"विषय सात. काकू, तुमी लिवलं ते झ्याक लिवलं. पन गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. पयली हरकत माझी. पान बारा. मी वासराला भिऊन झाडावर चढलो न्हवतो. लिंबोळ्या पाडाय चढल्तो."

"खोडते," केशरबाई म्हणाली.

कानिफनाथ अण्णा उठले. "आमचा चिवडा सादळलेला नसतो. मऊ असतो. दात न्हाईत घरात कुनाला."

"मऊ लिवते."

अशा एकोणीस हरकती झाल्या. कुणाची म्हैस मारकी नव्हती, कुणाचं जावळ वाकडं कापलं गेलं नव्हतं, कुणाची सासू लग्नात जेवणावरून नव्हे तर पंगतीच्या क्रमावरून रुसली होती. केशरबाई खोडत गेली, लिहीत गेली. भाऊसाहेब इतिवृत्तात टिपत गेले. आणि केशरबाईच्या हळूहळू ध्यानात आलं, की पान एकतीसचं नाव कुणीच काढत नाहीये. चिवड्यावर वीस मिनिटं, आणि तिच्या कपाळावर एक शब्द नाही! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग तर असा आला, की पिशवीतला तांब्या आत्ताच काढून सरपंचाच्या पुढ्यात घालावा.

तेवढ्यात मागून पुंजाराम उठला. मान खाली, हातात झेरॉक्सचं पान, त्यावर बोट.

"पान एकतीस," तो म्हणाला. "हे खोटं हाय."

केशरबाईनं पिशवीत हात घातला.

"हितं लिवलंय, पितळी तांब्या फेकून मारला. साफ खोटं. तांब्या स्टीलचा हुता." पुंजारामनं पानावर बोट आपटलं. "पितळी तांब्या माझ्या आईचा. आईच्या तांब्यानं मी बायकूला मारीन व्हय? एवढा नालायक न्हाई मी. आन् तो तर कवाच हरवला."

खरं म्हणजे इथं सभेनं श्वास रोखायला हवा होता. माणूस भर सभेत काय कबूल करून बसला! पण बोरदऱ्याच्या लोकांना चुकीची नोंद सहन होत नाही. पहिल्या रांगेतून मुबारकबी ताडकन म्हणाली,

"स्टील न्हाई. पितळीच हुता. स्टीलचा आवाज पडल्या पडल्या मरतो. ह्यो घुमला."

म्हणाली, आणि तिनं स्वतःच पदर तोंडावर दाबला. पण आता उशीर झाला होता.

"घुमला तर!" कानिफनाथ अण्णा म्हणाले. "आमच्याकडं टीव्ही न्हाई, त्यामुळं आमाला सपष्ट ऐकू येतं. आदी भित्ताडावर आपटला, मग फरशीवर तीनदा. पितळच."

"दोनदा," कुणीतरी मागून म्हणालं.

"तीनदा! मी मोजलं."

"आवं, पर स्टीलचा जड तांब्या आसंल तर तो बी घुमतो," एकजण म्हणाला. त्याचं भांड्याचं दुकान होतं, म्हणून त्याच्याभोवती लगेच स्टीलवाल्यांचा एक गट तयार झाला. पितळवाले उभे राहिले. स्टीलवाले उभे राहिले. कुणी शाळेची खिचडीची दोन भांडी आणून वाजवून दाखवली. पुंजाराम "आईची आन" म्हणून ओरडत होता. सगळा गोंधळ.

बिभीषण सरपंच न्यायाचा माणूस. त्यानं टेबलावर हात आपटला. "गप बसा! हात वर करून मत घिऊ. पन एक सांगतो. ज्यानं आवाज सोता ऐकला, त्यानंच मत द्यायचं. ऐकीव मानसाला मत न्हाई."

यावर माळवस्तीची मंडळी भडकली. माळवस्ती गावापासून दीड किलोमीटर लांब. "म्हंजे आमाला मत न्हाई व्हय? दर टायमाला आमालाच डावलता! रस्त्याला डावललं, आता तांब्याला बी?"

"तुमाला ऐकू कसं आलं दीड किलोमीटरवरनं?"

"वारं तिकडचं हुतं त्या दिवशी!"

मग काय, सगळ्यांनाच ऐकू आलं. आवाज ऐकला नाही म्हणणं म्हणजे मत सोडणं, आणि मत कोण सोडतो? ठार बहिरे एक आजोबा होते, त्यांनीही नातवाला विचारून हात वर केला.

केशरबाई पिशवीत हात घालून बसली होती. फडक्याच्या आत पितळेचा थंडगार खळगा तिच्या अंगठ्याखाली आला. नुसता बाहेर काढला असता तरी वाद जागच्या जागी मिटला असता. तिनं काढला नाही. सहा वर्षं जे हात खाली होते, ते एकेक करून वर चालले होते. मोडता घालायला ती काही खुळी नव्हती.

पितळ, एक्याण्णव. स्टील, चौदा. बाराजण म्हणाले, आवाज ऐकला पण धातू सांगता येत नाही.

भाऊसाहेब कल्याण बदली होऊन आलेला माणूस, गावचा नव्हे. त्यांनी इतिवृत्त लिहून काढलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतलं. "ठराव क्रमांक सात. केशरबाई यांना त्यांचे पती पुंजाराम यांनी दिवेलागणीच्या वेळी तांब्या फेकून मारला, त्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेल्या ग्रामस्थांचे मत घेतले असता..." इथं त्यांचा आवाज हळू झाला. त्यांनी मान वर करून केशरबाईकडं बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मग पुढं वाचलं, "...असता, सदर तांब्या पितळीच होता असे बहुमताने ठरले. पान एकतीसवरील मजकूर जसाच्या तसा कायम."

"सूचक?" सरपंचानं विचारलं.

"मी," मुबारकबी म्हणाली.

"अनुमोदक?"

कानिफनाथ अण्णांनी हात वर केला.

रजिस्टर जमा करायचं काय, असं कुणीतरी विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "मजकूर कायम झालाय. आता ते त्यांचं त्यांच्याकडंच राहील." आणि वही सह्यांसाठी फिरायला लागली. सही झाल्याशिवाय सभेचा चहा मिळत नाही, त्यामुळं सह्या भराभर झाल्या. ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. पुंजारामही रांगेत आला. त्यानं सावकाश, चौथी पास अक्षरात सही केली, आणि सभेत डावललेलं आपलं म्हणणं नोंदवायचं राहू नये म्हणून सहीपुढं एक शब्द लिहिला: स्टील.

केशरबाईनं तिथंच ठरावाच्या नकलेचा अर्ज दिला. भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लावली नाही. शिक्का शाईत दोनदा बुडवला आणि नीट दाबून उमटवला. खोलीवर येऊन केशरबाईनं नक्कल वाचली. एकशे सतरा नावं. तिनं एकूण एक वाचलं, बोट ठेवून. 'स्टील' या शब्दापाशी आल्यावर तिला हसू फुटलं ते आवरेना, आणि त्या हसण्यातच कधी रडू फुटलं हे तिचं तिलाच कळलं नाही. सहा वर्षांचं रडणं होतं, चांगलं पोटभर रडून घेतलं.

सकाळी केंद्रावर नेहमीची रांग. मुबारकबी किटली घेऊन पुढं आली. केशरबाईनं माप घेतलं, फॅट काढली, लिहिली. "पुढचा" म्हणायला तोंड उघडलं, तर मुबारकबी जागची हलेना.

"केशर. मशीन बंद हुतं त्या दिवशी."

केशरबाईनं पेन खाली ठेवलं. "मग आली का न्हाईस?"

"भ्याले." मुबारकबीनं रिकामी किटली खाली ठेवली. "सुई तशीच हातात धरून बसले. आता थांबंल, मग थांबंल. नुसती भ्याले गं. त्याच्यानंतर रोज तुज्याकडं दूध घालते, रोज सांगायचं म्हनते, आन् तू पुढचा म्हनतीस."

मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, दूध नासंल की आमचं!"

"नासू दे," केशरबाई म्हणाली. ती मागच्या खोलीत गेली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तांब्या मुबारकबीच्या हातात दिला. मुबारकबीला ओळखायला क्षणही लागला नाही. तिनं त्या खळग्यावर बोट ठेवलं. मग खाली स्टुलावर बसून, तोंडाला लावून सगळं पाणी प्याली.

त्या दिवशी केशरबाईनं "पुढचा" म्हणायला बराच वेळ लावला. रांगेत तिसऱ्या नंबरवर पुंजाराम होता. मान खाली घालून तोही ताटकळला.